कार्बनच्या नावाखाली काच: रॉड-रीलच्या सौद्यात ६,९८९ रुपयांना कसा गंडलो

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे. माग बंद पडला की पहिली हाक मला. कुठलं बेअरिंग गेलंय ते आवाजावरून सांगतो, सुताचा नंबर चिमटीत धरून अंदाजे सांगतो. आणि या माणसानं खोक्यावर '१३+१ बेअरिंग' छापलेलं वाचून मासेमारीच्या रॉडची रील, म्हणजे दोरा गुंडाळायची चरखी, विकत घेतली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना वाटेल की याला यातलं काही कळतच नसणार. कळत होतं. घेताना ते वापरलं नाही, एवढंच.

माशांचं वेड जुनं. शाळेत असताना तुळजापूर रोडनं सायकली हाणत हिप्परग्याच्या तलावावर जायचो. बांबूची काठी, कणकेचा गोळा, तरंगायला बाटलीचं बूच. लागली तर चिलापी, नाहीतर घरी बोलणी. मधली वीस वर्षं कामात गेली. लॉकडाऊनमध्ये माग थांबले तेव्हा मोबाइलवर बास माशाचे व्हिडिओ बघायला लागलो आणि तिथं अडकलो.

बास आपल्याकडचा नाही. मूळ अमेरिकेचा, जपानात १९२५ साली आशी सरोवरात आणून सोडला. आता तिथं त्याच्यामागं इतके लोक लागलेत की मासा शहाणा झालाय, मोठं आमिष बघितलं की तोंड फिरवतो. म्हणून 'फिनेस' पद्धत: दोन-तीन ग्रॅमचं छोटं जिगहेड (डोक्याला वजन असलेला गळ), त्यावर बोटाच्या पेराएवढा रबरी किडा, बारीक दोरा, आणि तळावरून हळू, अगदी हळू ओढत आणायचं. मासा झडप घालत नाही, नुसता तोंडात घेऊन बघतो. ती चुळबुळ हातापर्यंत पोचवेल असा हलका, संवेदनशील रॉड लागतो. मला वाटलं, आपल्या उजनीतली नि हिप्परग्यातली चिलापीसुद्धा अशीच. ती खड्डा करून अंडी घालते आणि त्यावर पडलेली बारीकसारीक वस्तू तोंडानं उचलून बाहेर टाकते. तिला हे चालेल. (चालतं. पण ते नंतर कळलं, दुसऱ्याच्या रॉडवर.) मरळीसाठी ही काठी नाही, तिला शेवाळातून उपटून काढायला दणकट रॉड लागतो.

बजेट सात हजार. यात फार भारी काही येत नाही, पण अगदी खेळण्यातलंही घ्यावं लागत नाही. महिनाभर अभ्यास केला. रॉड सहा फूट दहा इंच ते सात फूट, पॉवर (किती ताठ) मिडीयम-लाइट, अ‍ॅक्शन (कुठून वाकतो) फास्ट, म्हणजे टोकाकडून वाकणारा. रील २५०० साइझची. दोरा पीई ०.८ (विणीचा दोरा, आकडा जाडीचा), पुढं आठ पौंडाचा लीडर (आमिषाकडचा दोऱ्याचा तुकडा). हे सगळं पाठ झालं, आणि माझा घात तिथंच झाला.

समाजमाध्यमावर एका पानाची जाहिरात दिसली. एका नामांकित जपानी कंपनीची रील आणि त्याच कंपनीचा कार्बनचा रॉड, जोडी. १४,९९९ वर काट मारून ६,४९० रुपये. कस्टममधून सुटलेला माल, म्हणून स्वस्त. मी मेसेज टाकला, पाच मिनिटांत फोन. माणूस गोड मराठी बोलणारा. मुद्दाम परीक्षा घ्यावी म्हणून विचारलं, मिडीयम घेऊ का? तर म्हणाला, "दादा, मिडीयम कशाला? तुम्ही तीन ग्रॅमचं जिगहेड टाकणार, मिडीयम रॉड वाकणारच नाही. मिडीयम-लाइट फास्ट घ्या. आणि ३००० ची रील नको, हाताला जड होईल. २५०० बस्स." वर हेही म्हणाला की महागातला सेट आहे माझ्याकडं, पण तुम्हाला गरज नाही, उगाच पैसे घालवू नका.

यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. आजही कुणी विचारलं तर मी हाच सल्ला देईन. मालाला हात न लावता माझा विश्वास बसला तो या बरोबर सल्ल्यावर. महाग वस्तू नको म्हणणारा दुकानदार फसवेल कशाला, असं माझं गणित. हजार रुपये आगाऊ यूपीआयनं दिले, ५,४९० माल आल्यावर.

आठव्या दिवशी कारखान्याच्या गेटवर पार्सल आलं. डिलिव्हरीवाला म्हणाला, आधी पैसे, मग खोलायचं. शिफ्ट चालू, आत माग बंद पडलेला, सुपरवायझर हाका मारतोय. पैसे दिले, खोकं सायकल स्टँडमागं ठेवलं, पळालो. खोलताना व्हिडिओ काढायचा असतो हे मला माहीत होतं. काढला नाही.

घरी उघडलं तर दिसायला झकास. काळा रॉड, सोनेरी दोरे, रीलवर कंपनीचं नाव. मिसेस म्हणाली, "अहो, चांगला दिसतोय की." मुलगी म्हणाली, "बाबा, नावात एक अक्षर जरा वेगळं आहे का?" मी म्हटलं, एक्स्पोर्ट मॉडेल असेल. माणूस स्वतःला किती मदत करतो बघा.

सुट्टीच्या दिवशी पहाटे हिप्परगा. पहिल्या कास्टला जिगहेड पंधरा फुटांवर पडलं. दोरा स्पूलवरून सुटताना भेंडोळं होऊन गाइडमध्ये (रॉडवरच्या दोरा ओवायच्या कड्यांत) अडकला. सोडवला, मीटर-दोन मीटर कापून टाकला. पुन्हा तेच. शेजारी गळ टाकून बसलेले एक मामा होते, ते काही बोलले नाहीत, फक्त आपली जागा दहा पावलं लांब नेली. नऊच्या सुमाराला एक चिलापी लागली, अर्धा किलो असेल नसेल. तिनं धाव घेतली तशी ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तसा दोरा सोडणारा रीलचा ब्रेक, सुटायला पाहिजे होती. सुटली नाही. दोन इंच सरकली, गच्च बसली, परत दोन इंच. आणि मग काडकन. रॉड तिसऱ्या गाइडच्या वर मोडला.

मोडलेल्या टोकाला पांढरे धागे दिसले, आणि मी चिलापी विसरलो. आयुष्यभर धागेच बघितलेत. कार्बन मोडला तर आतून काळा दिसतो. हा पांढरा, चकचकीत, बोटाला टोचणारा. काच. फायबरग्लासच्या नळीवर काळा रंग.

सोमवारी सगळं कारखान्यात नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत टेबलावर मांडलं. आधी मल्टीमीटर. कार्बनमधून वीज जाते. म्हणून तर विजेच्या तारांखाली कार्बनचा रॉड उभा धरू नये म्हणतात. वरच्या लॅकरवर नाही, मोडलेल्या उघड्या टोकावर पिना लावायच्या. मीटर हललाच नाही. मग काटा: खोक्यावर ११० ग्रॅम, दोन्ही तुकडे मिळून १८६. आमच्यातला एक तेलुगू मित्र डबा खाता खाता म्हणाला, "किती रुपयाला बे?" मी आकडा सांगितला. त्यानं शेंगाचटणी माझ्याकडं सरकवली. सांत्वन समजायचं.

रील खोलली. १३+१ म्हणजे चौदा बेअरिंग पाहिजेत. निघाली तीन. बाकीच्या जागी प्लॅस्टिकचे बुश, तेसुद्धा सगळे नाहीत. मेन गिअर हलक्या ओतीव धातूचा, तीन दातांच्या कडा एका दिवसात उडालेल्या. ग्रीस पिवळं, दातांवर नाही तर झाकणाच्या आत फासलेलं. ड्रॅगच्या वॉशरमध्ये एक चक्क कागदी पुठ्ठा होता, तो ओला होऊन फुगला होता. चिलापीच्या धावेला ड्रॅग अडकली ती यानं. गिअर रेशो ६.२ छापलेला. बंद करून रोटरला (दोरा गुंडाळत फिरणाऱ्या भागाला) खडूची खूण केली, हँडल दहा वेळा फिरवलं, रोटर बावन्न वेळा फिरला. म्हणजे ५.२. फिनेसला ५.२ वाईट नाही, उलट हळू ओढायला बरा. पण छापायचं एक, द्यायचं दुसरं, तेही जिथं खोटं बोलायची गरजच नव्हती तिथं. मला याचाच जास्त राग आला.

शेवटी दोरा. हे मला सगळ्यात आधी सुचायला हवं होतं. रीलवर 'पीई ०.८, १५० मीटर' भरून आला होता. पीईचा आकडा डेनिअरवर बांधलेला आहे: पीई १ म्हणजे २०० डेनिअर, ०.८ म्हणजे १६०. आणि डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, हे आमच्याकडं नवीन आलेल्या पोरालाही शिकवतात. लॅबमधल्या रॅप रीलवर (सुताची लांबी मोजायच्या चरकीवर) दोरा गुंडाळला. तिचा एक फेरा दीड यार्डाचा. चौऱ्याहत्तर फेऱ्यांत दोरा संपला: १११ यार्ड, म्हणजे १०१ मीटर. तळ्यावर कापून टाकलेले चार-पाच मीटर धरले तरी दीडशे कुठले? वाळवून वजन केलं, चार ग्रॅम. १०१ मीटर खऱ्या ०.८ दोऱ्याचं वजन दोन ग्रॅमच्या आत यायला पाहिजे. हिशोब केला तर साडेतीनशेच्या वर डेनिअर. वरच्या लेपाचं वजन सोडून दिलं तरी हा दोरा डेनिअरमध्ये जवळजवळ दुप्पट. तीन ग्रॅमचं जिगहेड असला दोरा ओढत लांब जाणार कसं? मी तळ्यावर स्वतःच्या हाताला दोष देत बसलो होतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. तो अजिबात तापला नाही. "दादा, गोडाऊनची चूक झाली, पूर्ण पैसे परत." फक्त रिटर्न पिकअपचे ४९९ आधी भरा, तेही परत मिळतील. मी भरले. हो, भरले. एवढं सगळं खोलून, मोजून झाल्यावर. पिकअपला कोणी आलं नाही. दोन दिवसांनी त्याच्या 'अकाउंट विभागा'चा फोन: क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा, पिन टाका, ६,९८९ जमा होतील. मी पिनचे आकडे दाबायला लागलो, तेवढ्यात मुलीनं फोन हातातून काढून घेतला. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. हे तिनं मला ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज मी सहसा तिच्या गणिताच्या वहीसाठी वापरतो.

त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवलं. १९३० ला जेवढ्या लवकर कळवाल तेवढं बरं, पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठवता येतं. माझे हजार जाऊन तोवर तीन आठवडे झाले होते. बिल मागितलं त्यांनी. बिल होतं, वर जीएसटी क्रमांकही होता. मुलीनं अक्षरं मोजली, चौदा. खऱ्या क्रमांकात पंधरा असतात, आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ नं सुरू होतो. हे मोजायला अर्धं मिनिट लागतं, पैसे देण्याआधीही लागलं असतं. खोक्यावरही आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, ग्राहक सेवा क्रमांक काही नव्हतं. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर ते छापावंच लागतं.

तुम्ही या भावात रॉड-रील घ्यायला निघाला असाल तर शक्य असेल तिथं हातात घेऊनच घ्या, सोलापुरात नाही मिळालं तर पुण्याची एक फेरी धरा. मी आता जातो तेव्हा खिशात कानातला कापूस असतो. गाइडच्या कड्यातून तो आतून फिरवायचा. कुठं तंतू अडकला की कडं तडकलेलं किंवा खरबरीत, बारीक विणीचा दोरा तिथं झिजून तुटणार. रीलचं हँडल फिरवून एकदम थांबवायचं, मागं किती हलते बघायचं. बेलच्या (रीलवरच्या तारेच्या कमानीच्या) टोकाचा दोऱ्याचा रोलर बोटानं फिरतो का बघायचं. स्वस्तातल्या बऱ्याच रीलमध्ये तो नुसता शोभेचा असतो. ड्रॅग अर्धी सोडून दोरा हातानं ओढायचा, तो लोण्यासारखा यायला पाहिजे, टप्प्याटप्प्यानं नाही. '१५ किलो ड्रॅग' वाचून भुलायचं कारण नाही. आठ पौंडाचा लीडर साडेतीन किलोच्या आसपास तुटतो, ड्रॅग लावायची त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे एक किलोला. पंधरा किलो हवेत कुणाला, आपण काय म्हैस ओढणार आहोत? बेअरिंगचं तेच. चांगल्या कंपन्या या भावात चार-पाच बेअरिंग देतात आणि तेवढीच लिहितात. चौदा लिहिलेली दिसली की मी आता रील खाली ठेवतो.

आणि दुकानदार तुमच्याच भाषेत बोलायला लागला, मिडीयम-लाइट, फास्ट, फिनेस, तर बोलू द्या. ऐकत राहा, हात मात्र गाइडवर ठेवा.

तक्रारीचा क्रमांक मिळालाय, पैसे मिळालेले नाहीत. ते पान दुसऱ्या नावानं चालू आहे, फोटो तेच, त्यातल्या एकात मागं दिसणारी निळी टेबलक्लॉथही तीच. ती लिंकही तक्रारीत जोडली. मोडलेला रॉड नि उघडी रील माझ्या टेबलावर आहेत, जुन्या शटलच्या डब्याशेजारी. घ्यायला निघालेल्या कुणालाही बघायची असेल तर जेवणाच्या सुट्टीत गेटवर येऊन मला बोलवा.