पिंक लेडीचा अमेरिकन अल्बम : काही महिने ऐकल्यावर

उन्हाळ्यात हा अल्बम लावला तेव्हा पहिले काही दिवस मी तो अक्षरशः डोक्यावर घेतला होता. आता पावसाळा सरत आला. अल्बम अजून फोनमध्ये आहे, पण निम्म्याहून जास्त गाणी सुरू झाली की अंगठा आपोआप पुढच्या गाण्याकडे जातो.

पिंक लेडी ही जपानी गायिकांची जोडी, म्हणजे मित्सुयो नेमोतो आणि केइको मासुदा. मंचावरची नावं मिई आणि केइ. शिझुओकाच्या या शाळेपासूनच्या मैत्रिणी टीव्हीवरच्या गायनस्पर्धेतून पुढे आल्या आणि १९७६ च्या ऑगस्टमध्ये 'पेप्पर केइबू' हे पहिलं गाणं घेऊन उतरल्या. पुढची दोनेक वर्षं जपानमध्ये त्यांचीच होती. १९७८ चा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्यांच्या 'यूएफओ' या गाण्याला मिळाला. मग गर्दी ओसरू लागली आणि १९७९ मध्ये अमेरिकेसाठी, पूर्ण इंग्रजीत, हा अल्बम निघाला. निर्माता मायकल लॉइड, कंपनी इलेक्ट्रा-कर्ब.

'किस इन द डार्क' अजूनही फर्स्ट क्लास. बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते ३७ व्या क्रमांकापर्यंत गेलं. १९६३ मध्ये गायक क्यू साकामोतो तिथे पोहोचला होता, त्यानंतर पहिल्या चाळिसात पोहोचलेलं हे पहिलं जपानी नाव. डिस्कोचा ठेका, वर दोघींचे श्वास मिसळलेले आवाज. भांडी घासताना लावा, हात आपसूक तालात चालतात. 'वॉक अवे रेने' हे मूळ लेफ्ट बँक या अमेरिकन बँडचं १९६६ चं गाणं. चालच इतकी भक्कम आहे की कुणीही गावं आणि तरून जावं.

बाकीच्यांचं काय बिघडलं, ते मला हेडफोन लावून सलग ऐकल्यावर कळलं. वादन चोख, दोघी सुरात पक्क्या. पण ओळीतल्या प्रत्येक शब्दावर सारखंच वजन पडतं. दोघींना इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं, बरंचसं नुसत्या उच्चारांवरून पाठ केलेलं. आपल्याकडचे पार्श्वगायकही परक्या भाषेतलं गाणं देवनागरीत उतरवून घेतात; पण तिथे कुणीतरी शेजारी बसून सांगतं, 'इथे रुसवा आहे, इथे थट्टा आहे.' इथे ते कुणी सांगितलंच नसावं असं वाटत राहतं. 'लव्ह काउंटडाउन'मध्ये तर हे फारच टोचतं. नावातच उलटी मोजणी आहे, तर थोडा खट्याळपणा नको?

खट्याळपणा या दोघींकडे पोत्याने होता, म्हणूनच जास्त हळहळ वाटते. गीतकार यू आकू आणि संगीतकार शुनइची तोकुरा यांनी त्यांना एकेक गोष्टच लिहून दिली होती. प्रेमिकांच्या मध्ये कडमडणारा पोलीस इन्स्पेक्टर, परग्रहावरचा प्रियकर, बेसबॉलमधली डावखुरी गोलंदाज. 'एसओएस'च्या सुरुवातीला तर खराखुरा मोर्स संकेत वाजतो. तो धोक्याचा खरा इशारा समजला जाऊ नये म्हणून रेडिओवर कापावा लागे. आणि हाजिमे दोइने बसवलेला नाच! 'यूएफओ'त डोक्यामागून वर येणारा तो हात जपानमधली पोरंसोरं करत होती. इंग्रजी अल्बममध्ये यातलं काहीच नाही. कुठल्याही दोन चांगल्या गायिकांना चालली असती अशी प्रेमगीतं आहेत. (१९८० मध्ये एनबीसी या अमेरिकन टीव्ही वाहिनीने त्यांना घेऊन केलेला विनोदी कार्यक्रमही पाच भागांत गुंडाळला. त्याच्या क्लिप्स पाहवत नाहीत, विनोद इतके पडेल.)

कुणासाठी आहे हा अल्बम? सत्तरच्या दशकाच्या शेवटचा डिस्को आवडत असेल तर खुशाल घ्या, पार्टीत कुणी तक्रार करणार नाही. पिंक लेडी ऐकायची म्हणून सुरुवात करणार असाल, तर आधी १९७६ ते १९७८ ची जपानी गाणी, तीही व्हिडिओसकट. मग 'किस इन द डार्क'. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे, आणि त्यातले दोन त्या एका गाण्याचे.