रश्श्याची दुसरी वाटी: दीड वर्ष कोल्हापुरात बाहेर जेवल्यावर

ऑक्टोबर २०२० ते एप्रिल २०२२ या काळात आम्ही घरचे चौघं महिन्यातनं दोन-तीनदा तरी बाहेरचं जेवलो. कोरोनाच्या बंदीच्या महिन्यांत पार्सल, बाकी बसून. मी, नवरा, मुलगी आणि सासरे. सासऱ्यांना घरात-दारात सगळे आबा म्हणतात. तेव्हा वय ७३, साखर आहे, आणि बुधवार-रविवार मटणाचा वार चुकलेला त्यांना चालत नाही. माझी नोकरी बँकेतली, त्यामुळं लॉकडाउनमध्येही रोज शाखेत जावं लागायचं. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी बंद होत्या. बाहेरचं जेवण तेव्हा आमच्यासाठी चैन नव्हती, आठवड्यातला एक वेळचा आधार होता.

तीन ठिकाणी जास्त जाणं झालं. मंगळवार पेठेतली एक घरगुती खानावळ, राजारामपुरीतलं मिसळीचं दुकान आणि ताराबाई पार्कातलं एक एसी फॅमिली रेस्टॉरंट. नावं मुद्दाम देत नाही. जे चुकलं ते त्या दिवसांत सगळीकडंच चुकत होतं, एकाच्या माथी मारणं बरोबर नाही.

आधी मुख्य गोष्ट सांगते. चव कुठं बिघडली नाही. बिघडलं ते वाढणं. आणि कोल्हापुरी थाळीत वाढणं हे निम्मं जेवण आहे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं उलगडून सांगते. ताटात सुकं मटण, भाकरी, कांदा-लिंबू आणि दोन वाट्या येतात, एकीत तांबडा रस्सा, एकीत पांढरा. ही पहिली वाटी नावापुरती. खरं जेवण दुसऱ्या वाटीपासनं सुरू होतं. वाढपी एका हातात बादली आणि दुसऱ्यात ओगराळं घेऊन टेबलांमधनं फिरत राहतो. वाटीचा तळ दिसला की विचारायच्या आत ओततो. पुरे झालं की आपण वाटीवर हात आडवा धरायचा, तरी तो "घ्या की, अजून काय जेवलाय?" म्हणतोच. यातलं काहीही मेनूकार्डावर नसतं. त्यासाठी फक्त फिरणारा माणूस लागतो, आणि माणूस कमी झाला की पहिल्यांदा हेच जातं.

५ ऑक्टोबर २०२० ला राज्यात हॉटेलं ५० टक्के क्षमतेनं उघडली. त्याच आठवड्यात बुधवारी आम्ही खानावळीत गेलो. दारात थर्मल गन आणि सॅनिटायझर, वहीत नाव आणि फोन नंबर, एकाआड एक टेबलावर लाल चिकटपट्टीची फुली. रस्सा झाकणाच्या वाटीत आला. आबांनी दुसरी वाटी मागितली तर पोरगा म्हणाला, "आजोबा, वाटी बदलून आणतो, बादली बंद केलीया मालकांनी." मालकांचं बरोबरच होतं. एकच ओगराळं सगळ्यांच्या उष्ट्या वाटीला लागतं, लोकांना त्याची भीती वाटत होती. पण प्रत्येक वाटीसाठी पोरगा आत जाणार, भरून आणणार, उष्टी वाटी मोरीत टाकणार. पूर्वी एक माणूस एका फेरीत दहा टेबलं उरकायचा, आता एका फेरीत एक वाटी. काम वाढलं होतं आणि माणसं निम्मी झाली होती.

ती गेली कुठं, हे मी मालकांना बऱ्याचदा विचारलं. मार्च २०२० मध्ये हॉटेल बंद झालं तेव्हा सात माणसं वरच्या मजल्यावर राहायची. राहणं आणि जेवण दोन्ही हॉटेलवर. मालकांनी महिनाभर सांभाळली, मग सगळी आपापल्या गावी गेली. बिहारकडची दोघं श्रमिक रेल्वेनं गेली. दहा-बारा वर्षं पांढरा वाढणारे एक मामा होते, ते गडहिंग्लजकडच्या गावी गेले आणि तिथंच त्यांनी चहा-वड्याचा गाडा टाकला. भाकरीच्या दोन मावशींपैकी एकीला सुनेनं घराबाहेर पडू दिलं नाही. स्वयंपाकघर मात्र शाबूत राहिलं, कारण मसाला आणि मटण मालकांच्या घरातली माणसंच बघतात. म्हणून तर चव टिकली.

तरुण पोरं परत का येत नाहीत यावर मालकांचं उत्तर मला आजही पटतं. "ताई, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पगार काय लई जास्त नाही. पण रविवार सुट्टी हाय. हितं रविवारीच मान वर करायला सवड नाही." काही पोरं पार्सल पोचवायच्या गाडीवर लागली, तिथं निदान कुणी टेबलावरनं ओरडत नाही. हॉटेल हा धंदाच असा की बाकीच्यांच्या सुट्टीला यांची पाळी. टाळेबंदीत पोरांनी पहिल्यांदा घरची दिवाळी, घरचा रविवार बघितला. त्यानंतर उचल देऊनही माणूस टिकेना, हे मालक सांगत होते आणि मला त्यात पोरांचा दोष दिसत नव्हता.

एप्रिल २०२१ पासनं पुन्हा फक्त पार्सल. जूनमध्ये राज्यानं जिल्ह्यांचे पाच स्तर केले तेव्हा कोल्हापूर चौथ्या स्तरात होतं, म्हणजे बसून खाणं बंदच. जुलैत पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि पार्सलही थांबलं.

पार्सलबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं मी पैसे वाया घालवलेत. तांबडा पार्सल नेला तरी चालतो. गार झाला की वर कट, म्हणजे तेलाचा तवंग, साकळतो, गरम केला की पुन्हा जागेवर येतो. पांढरा तसा नाही. त्यात मटणाच्या अळणी पाण्याबरोबर नारळाचं दूध असतं, वर खसखस-तिळाचं वाटण. पहिल्यांदा मी घरी आणून पातेलं मोठ्या आचेवर ठेवलं. दोन मिनिटांत कडेला पिवळट पाणी सुटलं, मधे पांढऱ्या कण्या तरंगायला लागल्या. फुटला. आबा काही बोलले नाहीत, पण वाटी तशीच राहिली. मालकांच्या आईंना फोन केला तर म्हणाल्या, "उकळी आणायचीच नाही बाई. मोठ्या पातेल्यात गरम पाणी घे, त्यात डबा ठेव, हलवत राहा." तेव्हापासनं एकदाही फुटला नाही. मिसळ मात्र पार्सल नेऊ नये असं माझं स्पष्ट मत झालं. कट वेगळा दिला, फरसाण वेगळं दिलं, तरी घरी पोचेपर्यंत मटकी गार आणि ब्रेड दमट. मिसळ ही तिथंच बसून, नाकातनं पाणी येत खायची गोष्ट आहे.

१५ ऑगस्ट २०२१ ला हॉटेलं रात्री दहापर्यंत उघडायला परवानगी मिळाली. लोकांना वाटलं, झालं आता. पण अट होती: कामगारांचे दोन्ही डोस होऊन वर १४ दिवस झालेले पाहिजेत. आता हिशेब करा. १८ वर्षांवरच्या सगळ्यांना राज्यात सरकारी केंद्रावर लस सुरू झाली २२ जूनला. कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवस. म्हणजे पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहिलेल्या बावीस वर्षांच्या पोराचा दुसरा डोस १४ सप्टेंबरला, आणि तो टेबलावर कायदेशीर उभा राहू शकणार २८ सप्टेंबरला. हॉटेलात वाढायला असतात ती नेमकी याच वयाची पोरं. खानावळीत त्या महिनाभर मालक, त्यांचे भाऊ आणि मालकांची आई हेच वाढत होते, कारण पंचेचाळिशीच्या वरचे म्हणून त्यांचे डोस आधी झाले होते. साठी ओलांडलेल्या आजी एका हातानं गुडघा धरत रस्सा आणून देत होत्या. त्या वेळी दुसरी वाटी मागायला माझं मन झालं नाही.

एसी रेस्टॉरंटचा अनुभव वेगळा. तिथं पैसा होता, त्यामुळं माणसं मिळत होती, पण टिकत नव्हती. दर खेपेला नवीन चेहरा. कागदी मेनू काढून टाकून टेबलावर क्यूआर कोड चिकटवला होता. आबांच्या साध्या फोनवर तो उघडत नाही, माझ्या फोनवर उघडला तर अक्षरं बारीक. पूर्वी आबा नुसतं "काय काय हाय?" विचारायचे आणि वेटर एका दमात मटण थाळी, चिकन थाळी, अंडाकरी, खिमा, सगळं म्हणून दाखवायचा. नवीन पोराला ते पाठ नव्हतं आणि थांबायला वेळही नव्हता. तिथंच एकदा पाणी मागून वीस मिनिटं आलं नाही, शेवटी नवऱ्यानं स्वतः उठून जग भरून आणला, आणि बिलात मात्र १० टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला. विचारल्यावर काढला. मला राग पैशाचा नव्हता. तो चार्ज त्या पोराच्या हातात जातो का, असं विचारलं तर काउंटरवर उत्तर मिळालं नाही, त्याचा होता. तेव्हापासनं मी टीप बिलातनं देत नाही, वाढणाऱ्याच्या हातात नोट देते.

शिवाय हवेचा प्रश्न. चीनमधल्या ग्वांगझूच्या एका रेस्टॉरंटचा अभ्यास मी तेव्हा वाचला होता. जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले १० जण बाधित निघाले, आणि एसीचा झोत त्याच तीन टेबलांवर फिरत होता. जेवताना मास्क निघतोच, म्हणून बंद खोलीपेक्षा उघडी खिडकी बरी असं मी ठरवलं. आबांना घेऊन त्या एसीत आम्ही पुन्हा गेलो नाही. खानावळीला दोन्ही बाजूंनी खिडक्या आहेत, पंखा आहे, उकडतं. चालतं.

नोव्हेंबर २०२१, दिवाळीनंतरचा रविवार. हा प्रसंग सांगितल्याशिवाय अनुभव पुरा होणार नाही. खानावळीत १४ टेबलं, सगळी भरलेली, बाहेर वीसेक माणसं उभी. वाढायला दोघं. त्यातला एक चंदगडकडचा, नुकताच लागलेला, एकोणीस वर्षांचा. आम्ही पाऊण तास बसून होतो. शेजारच्या टेबलावरचे एक गृहस्थ त्याला मोठ्यानं बोलले, "अरे तुला कामावर ठेवला कुणी?" पोरगा गप्प. आमच्या टेबलावर त्यानं ताट ठेवलं तेव्हा मी त्याचे हात बघितले. सॅनिटायझर आणि भांड्याचा साबण यांनी बोटांच्या पेरांवर कातडं उललं होतं, एका ठिकाणी रक्त होतं, त्यावर त्यानं बिलाच्या कागदाची पट्टी गुंडाळली होती. वाढून झालं की तोच मोरीवर जात होता. आबांनी त्याला विचारलं, "जेवलास काय रे?" तो म्हणाला, "चारला जेवतो, आबा." तेव्हा अडीच वाजले होते.

त्या दिवशी भाकरी नव्हती. चपाती मिळेल म्हणाले. आता मला कळतं की भाकरी हीच खूण आहे. चपात्या सकाळी लाटून ठेवता येतात, भाकरी माणूस चुलीपुढं बसला तरच मिळते, एका वेळी एक. एखाद्या खानावळीत माणसं किती कमी आहेत हे बघायचं असेल तर आधी भाकरी आहे का विचारा.

त्यानंतर आम्ही आमच्या सवयी बदलल्या, आणि फरक पडला. रविवार सोडला, बुधवार धरला. दुपारी सव्वाबाराला पोचतो, तेव्हा रस्सा नुकता उतरलेला असतो आणि पोरं दमलेली नसतात. चौघांचं सगळं एकदम सांगतो, पाण्यासकट. उष्टी ताटं एकावर एक रचून टेबलाच्या कडेला ठेवतो. घाईचा दिवस असला तर जातच नाही. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेत दोन डोसांचं प्रमाणपत्र दाखवून जेवलो, आबांचं मी छापून त्यांच्या खिशात ठेवलं होतं.

भाव वाढले. व्यावसायिक सिलिंडर नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीत दोन हजारांवर गेला होता, तेलाचं तर प्रत्येक घराला माहीत आहे. थाळीमागं वाढलेले पैसे मला जड वाटले नाहीत. त्यातले चार पैसे पगारात जावेत एवढंच वाटतं. मटणाच्या दरासाठी २०१९ च्या शेवटी हे शहर आंदोलनाला रस्त्यावर उतरलं होतं. मटण वाढणाऱ्याच्या पगाराबद्दल मात्र मी कुणाला टेबलावर बोलताना ऐकलं नाही.

२०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, सगळे निर्बंध उठले. फुल्या निघाल्या, चिकटपट्टीचा डाग फॉर्मायकावर राहिला. त्या महिन्यात खानावळीत वाढायला चौघं होते, चंदगडचा पोरगा टिकला होता. बादली परत आली. आबा पांढरा आधी पितात हे त्याला माहीत झालं होतं, ताट यायच्या आधी तो वाटी ठेवून जायचा. काचेवर "कामगार पाहिजेत, राहण्या-जेवणाची सोय" हा कागद तेव्हाही होता. भाकरी तेव्हा बुधवार, शुक्रवार आणि रविवारीच मिळायची, तीही दुपारी दोनपर्यंत, कारण मावशी एकच होत्या. अशा खानावळीत जाणार असाल तर आधी फोन करून विचारा.