नमुना खरा, डबा खोटा

मासेमारीची मऊ आमिषं घरी ओतायला नुकतीच सुरुवात केलेल्यांनी हे जरूर वाचावं. प्लास्टिसॉल, म्हणजे ही आमिषं ज्यापासून ओततात तो द्रव माल, विकणाऱ्या एका माणसाने मला पद्धतशीर फसवलं. पैसे गेले याचं वाईट वाटतंच, पण जो माल तापवल्यावर विषारी वायू सोडतो तो त्याने जाणूनबुजून माझ्या हातात दिला, याचा राग त्याहून जास्त आहे. त्याची सगळी रीत इथे मांडतो, कारण ती नवख्या माणसावर हमखास चालते.

त्याची जाहिरात मला समाजमाध्यमावर दिसली. काचेच्या कपात पारदर्शक माल, वरून टाकलेली चमकी, साच्यातून निघणारी सुळसुळीत गांडुळं, असा व्हिडिओ होता. मी चौकशी केल्यावर त्याने स्वतःहून छोटी बाटली नमुना म्हणून पाठवली. तो माल उत्तम होता. शेपटी पाण्यात हलत होती, गळावर आमिष फाटत नव्हतं. मग मोठ्या डब्याची ऑर्डर दिली. त्याने पूर्ण रक्कम आधी मागितली, तीही थेट खात्यावर. ‘माल संपत आलाय, दादा, आज पाठवलेत तर तुमचा डबा बाजूला काढतो.’ पावती मागितली तर म्हणाला, डब्यासोबत येईल. ती आली नाही.

डब्यात काय होतं हे कळायला आधी खरा माल कसा वागतो ते माहीत हवं. प्लास्टिसॉल म्हणजे पीव्हीसीची अतिशय बारीक पूड, प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवलेली. थंड असताना ते दुधासारखं पांढरं दिसतं. तापवायला लागलं की आधी घट्ट होतं, गोळे धरतं, आणि नवख्याला वाटतं की बिघडलं. ढवळत राहून तापवत नेलं की साधारण 165 ते 177 अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते पारदर्शक होऊन पुन्हा ओतण्याजोगं पातळ होतं. ओतायची वेळ हीच. शिवाय त्यात थोडं हीट स्टॅबिलायझर असावं लागतं. पीव्हीसी फार तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आणि एकदा तो सुटायला लागला की पुढचं विघटन आणखी वेगाने होतं. स्टॅबिलायझर तो वायू बांधून ठेवतं. ते नसेल तर माल आधी पिवळा, मग तांबूस, मग तपकिरी होत जातो, आणि सुटलेला वायू डोळ्यांतल्या, नाकातल्या, घशातल्या ओलाव्यात मिसळून तिथे आम्ल तयार करतो.

माझ्या डब्यातला माल गोळे धरायच्या टप्प्यावरच पिवळसर पडला. पारदर्शक व्हायच्या आत कपाच्या कडेला तपकिरी रेघ उमटली आणि असा झोंबरा वास सुटला की दारं-खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेने लावलेला, तरी डोळ्यांतून पाणी थांबेना. थंड झाल्यावर साच्यातून जे निघालं ते बोटांना चिकटत होतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक आमिषाखाली तेलाचा डाग पडलेला. गळ ओवला की डोक्याकडचा भाग तसाच फाटून हातात यायचा.

मी त्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर जसंच्या तसं देतो: ‘दादा, मालात दोष नाही, तुमचा हात अजून बसलेला नाही. तापमान जास्त होतंय.’ मग म्हणाला थर्मामीटर चुकीचा असेल. मी काडीचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरून तपासला, तो बरोबर होता. मग म्हणाला साच्यात ओल असेल. ओलीने बुडबुडे येतात, गरम माल अंगावर उडतोसुद्धा, म्हणून साचा कोरडा हवा हे खरंच आहे. पण ओलीने माल कपातच पिवळा पडत नाही. शेवटी त्याने उपाय सुचवला: त्याच्याकडचं हार्डनर (आमिष घट्ट करणारं) आणि त्याच्याकडचंच स्टॅबिलायझर, वेगळे पैसे देऊन.

ही फसवणुकीची खरी दुसरी पायरी, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा वाईट. हार्डनर, सॉफ्टनर, स्टॅबिलायझर ही या कामातली रोजची नावं आहेत. चांगला मालसुद्धा वारंवार वितळवला की त्यातलं स्टॅबिलायझर संपत जातं आणि तेव्हा ते वरून घालावं लागतं. त्यामुळे सल्ला रास्त वाटतो. पण नव्या, न तापवलेल्या डब्याला पहिल्याच तापात ते लागायचं कारण नाही. त्याने पाठवलेल्या बाटल्यांनी पिवळेपणात काडीचा फरक पडला नाही. त्यानंतर मी पैसे परत मागितले, आणि त्याने मला ब्लॉक केलं.

खात्री करायला मी दुसरीकडून नावाजलेल्या उत्पादकाचा माल आणला आणि तोच कप, तोच साचा, तोच थर्मामीटर वापरला. माल स्वच्छ पारदर्शक झाला, आमिषं सुटी निघाली. मग नमुन्याच्या बाटलीतला उरलेला माल आणि डब्यातला माल दोन सारख्या काचेच्या बरण्यांत शेजारी शेजारी ठेवले. प्लास्टिसॉल ठेवून दिलं की पूड खाली बसतेच, त्यात गैर काही नाही, ढवळून एकजीव करायचं असतं. पण नमुन्यात खाली पांढरा जाड थर बसला आणि वर थोडासा द्रव राहिला. डब्यातल्या मालात वर बरणीभर नितळ द्रव आणि तळाशी पांढरी पातळ साय. म्हणजे प्लास्टिसायझर ओतून माल वाढवला होता, आणि तापवताना तो जसा वागला त्यावरून स्टॅबिलायझर नव्हतंच किंवा नावाला होतं.

म्हणून घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की नमुना कितीही चांगला असो, मोठा डबा आला की आधी तो नीट ढवळून त्यातला थोडाच माल उघड्या हवेत तापवून बघा. रंग बदलतोय की नाही यावर नजर ठेवा. इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगतो, म्हणून मोजण्याआधी ढवळा, म्हणजे विकणाऱ्याला ‘तापमान चुकलं’ म्हणायला जागा उरत नाही. डब्यावर बॅच क्रमांक आहे का पाहा, आणि सुरक्षा माहितीपत्रक मागा. प्लास्टिसायझर कोणता वापरलाय हेही विचारा. डीईएचपीसारख्या काही थॅलेट्सवर (हा प्लास्टिसायझरचाच एक प्रकार) युरोपात आणि अमेरिकेत मुलांच्या खेळण्यांसाठी 0.1 टक्क्यांची मर्यादा आहे. आपण तोच पदार्थ तापवून त्याच्या वाफेपाशी उभे राहतो, तेव्हा त्यात काय आहे हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. खरा विक्रेता या प्रश्नाला चिडत नाही.

असा डबा कुणाकडे आधीच आला असेल तर तो आणखी तापवून ‘सुधारायला’ जाऊ नका. साधा कापडी मास्क हा वायू अडवत नाही. थोडा माल न तापवता बाटलीत बंद करून ठेवा, संदेश आणि पैसे भरल्याची नोंद जपा, आणि बँकेकडे व जाहिरात जिथे दिसली तिथे लगेच तक्रार करा, उशीर झाला की पैसे अडवणं कठीण होतं. उरलेला माल मोरीत ओतू नका, घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. तो माणूस आता वेगळ्या नावाने विकतोय, व्हिडिओ मात्र तोच आहे. मीही तक्रार केली आहे. आणखी कुणी फसलं असेल तर त्यांनीही करावी, एकाच खात्याबद्दल अनेकांनी सांगितलं तर दखल घेतली जाण्याची शक्यता वाढते.