कॅथलिक विद्यापीठातील कोअर : तिसऱ्या वर्षाअखेरचा अनुभव

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या, कमी शुल्काच्या सरकारी महाविद्यालयात) पूर्ण केलेल्या नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमाची तीन क्रेडिट (पदवीसाठी जमवायची अभ्यासाची एकके) आमच्या विद्यापीठाने स्वीकारली, पण ती ‘ऐच्छिक’ या सदरात टाकली. कोअरमधील, म्हणजे सर्वांना सक्तीच्या अभ्यासक्रमांमधील, तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या अभ्यासक्रमाची ओळ डिग्री ऑडिटमध्ये (पदवीसाठी काय पूर्ण झाले आणि काय बाकी आहे हे दाखवणाऱ्या यादीत) लालच, म्हणजे अपूर्ण, राहिली. या एका ओळीवरून रजिस्ट्रारचे कार्यालय आणि मी यांच्यात जवळजवळ पूर्ण सेमिस्टरभर पत्रव्यवहार चालला, आणि त्यातून जे लक्षात आले ते या प्रकारच्या विद्यापीठात प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांना कळावे म्हणून हे लिहीत आहे. अमेरिकेतील कॅथलिक लिबरल आर्ट्‌स विद्यापीठाची साधारण रचना, म्हणजे 120 क्रेडिटची चार वर्षांची पदवी, आपला मेजर (मुख्य विषय), आणि मेजर कोणताही असला तरी सर्वांना बंधनकारक असलेला कोअर, वाचकांना ठाऊक आहे असे मी धरून चालते. मी कॅथलिक नाही आणि माझा मेजर संख्याशास्त्र आहे. विद्यापीठाचे नाव देत नाही, कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही.

आधी पैशांचे सांगते, कारण माझ्या बाबतीत प्रत्येक निर्णय तिथूनच सुरू होतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्याला सरकारी अर्थसाहाय्य मिळत नाही आणि सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर असते. आमचे छापील शुल्क वर्षाला 50,000 डॉलरच्या घरात आहे आणि मला त्यातील निम्मे माफ झाले. खासगी विद्यापीठांत छापील आकडा आणि प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत एवढे अंतर असणे नवलाचे नाही, म्हणून छापील आकडा पाहून कोणी माघार घेऊ नये. वर्षाला 30 क्रेडिट धरली तर तीन क्रेडिटचा एक अभ्यासक्रम मला 2,500 डॉलरला पडतो. पंधरा आठवडे, आठवड्याला दोन तासिका, म्हणजे एका तासिकेचे साधारण 83 डॉलर. कोअरमध्ये तत्त्वज्ञानाचे दोन आणि ईश्वरशास्त्राचे दोन अभ्यासक्रम सक्तीचे आहेत. या चारांचे दहा हजार डॉलर होतात, आणि प्रवेशाच्या वेळी हा आकडा मला सर्वांत जास्त खटकला होता.

इतर गोष्टींवर फार वेळ घालवत नाही. धर्माची सक्ती होते का, हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. माझ्या अनुभवात अजिबात होत नाही. प्रत्येक वर्गात क्रूस आहे, वर्षारंभीच्या मिस्सासाठी (कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेसाठी) तासिका रद्द होतात, पण तिथे कोण आले आणि कोण नाही हे कोणी पाहत नाही. पहिली दोन वर्षे डॉर्ममध्येच (वसतिगृहातच) राहण्याची आणि मील प्लॅन घेण्याची अट मात्र खर्चिक आहे. बाहेर खोली घेऊन राहिले असते तर बरेच पैसे वाचले असते. डॉर्ममध्ये मुलांना मुलींच्या आणि मुलींना मुलांच्या मजल्यावर थांबण्यासाठी वेळेची मर्यादा आहे, तिचा मला त्रास झाला नाही. लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) शुक्रवारी जेवणघरात मांस नसते, त्यामुळे माझ्यासारख्या शाकाहारी विद्यार्थ्याला त्या काही आठवड्यांत खरोखर निवड करता येते. संख्याशास्त्राचा विभाग लहान आहे, शिक्षक चांगले आहेत, वरच्या पातळीचे काही विषय एक वर्षाआड मिळतात. एवढे त्याबद्दल पुरे.

खरे लिहायचे आहे ते कोअरबद्दल. ईश्वरशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमात मी दाखल झाले तेव्हा पुढ्यात येईल ते पाठ करून परीक्षेत उतरवायचे, अशी माझी अपेक्षा होती. वर्गात एक लांब टेबल होते, त्याभोवती जेमतेम अठरा खुर्च्या होत्या आणि शिकवणारे फादर त्यांतल्याच एका खुर्चीवर बसत. पहिल्या महिन्यात आम्ही थॉमस अक्वायनसच्या ‘सुम्मा’मधील एकच परिच्छेदसमूह वाचला : ईश्वर आहे काय? या ग्रंथाची बांधणी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तेराव्या शतकातला हा धर्मपंडित प्रश्न मांडतो आणि लगेच उत्तर देत नाही. आधी तो आपल्या विरुद्ध जाणारे आक्षेप लिहितो, मग त्यांना छेद देणारे एक प्रमाणवचन, मग स्वतःचे विवेचन, आणि शेवटी प्रत्येक आक्षेपाला स्वतंत्र उत्तर. ईश्वराच्या अस्तित्वावर त्याने दोनच आक्षेप नोंदवले आहेत. पहिला असा : ईश्वर म्हणजे अनंत चांगुलपणा असेल तर जगात वाईट उरायलाच नको, आणि वाईट तर आहे. दुसरा असा : निसर्गातील घडामोडी निसर्गाच्या नियमांनी आणि माणसाच्या कृती माणसाच्या बुद्धी-इच्छेने समजत असतील, तर आणखी काही मानण्याचे कारण उरत नाही. आजचा एखादा निरीश्वरवादी यापेक्षा नेमके काय वेगळे म्हणेल, असे फादरांनी विचारले आणि टेबलाभोवती बराच वेळ कोणी बोलले नाही. आपल्या शास्त्रग्रंथांतला पूर्वपक्ष, म्हणजे आधी मांडलेली विरुद्ध बाजू, मला ऐकून माहीत होता. तो इतक्या प्रामाणिकपणे मांडलेला मी इथे प्रथमच पाहिला.

त्या अभ्यासक्रमातील प्रत्येक निबंध याच साच्यात लिहायचा होता, आणि गुणांचा मोठा वाटा आक्षेपांच्या भागाला होता. माझा पहिला निबंध परत आला तेव्हा आक्षेपाच्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने लिहिले होते की, हा आक्षेप ज्याचा आहे तो माणूस हे वाचून ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणेल का ते पाहा. पुढच्या तासिकेला फादरांनी मला आणि माझ्या विरुद्ध मत असलेल्या एका विद्यार्थ्याला शेजारी बसवले आणि माझा परिच्छेद त्याच्याकडून दुरुस्त करून घेतला. त्याने दोन विशेषणे काढली, एक उदाहरण बदलले, आणि एका ओळीत माझ्या उत्तराची हवाच काढून घेतली. पुढे संख्याशास्त्राच्या प्रकल्पात आपल्या निष्कर्षाविरुद्धची सर्वांत मजबूत शक्यता आधी लिहून काढायची सवय मला लागली, ती इथून. नमुना कुठून घेतला, कोण त्यातून निसटले, हेच आकडे दुसऱ्या कोणत्या कारणाने आले असते, हे प्रश्न माझ्या मेजरच्या शिक्षकांनी शिकवले; ते स्वतःच्या आवडत्या निष्कर्षावर रोखायला मात्र त्या टेबलाने शिकवले. तेव्हापासून कोअरच्या दहा हजार डॉलरबद्दल माझी तक्रार उरली नाही, आणि 83 डॉलरच्या त्या तासिकांपैकी एकही मी बुडवली नाही.

सेमिस्टरच्या शेवटी आम्ही दोन दस्तऐवज शेजारी-शेजारी ठेवून वाचले. एक 1967 सालचे लँड ओ’लेक्स निवेदन. नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष थिओडोर हेसबर्ग यांच्या पुढाकाराने विस्कॉन्सिनमध्ये जमलेल्या कॅथलिक शिक्षणधुरीणांनी त्यात विद्यापीठाला कोणत्याही सत्तेपासून, मग ती चर्चची का असेना, खरी स्वायत्तता हवी असे म्हटले होते. दुसरा दस्तऐवज म्हणजे पोप जॉन पॉल दुसरे यांचा 1990 सालचा ‘एक्स कोर्दे एक्लेसिए’ हा आदेश. त्याने कॅथलिक विद्यापीठाचे चर्चशी असलेले नाते पुन्हा घट्ट बांधले, कॅथलिकेतर शिक्षकांचे बहुमत होऊ देऊ नये असे सांगितले, आणि त्याचबरोबर प्रत्येकाच्या सदसद्विवेकस्वातंत्र्याचा पूर्ण आदर राखावा असेही बजावले. याच दस्तऐवजात प्रत्येक कॅथलिक विद्यापीठात ईश्वरशास्त्राची विद्याशाखा, निदान एक अध्यासन तरी असावे, असे म्हटले आहे. दोन्ही बाजूंचे लोक त्या टेबलाभोवती होते आणि फादर स्वतः कोणत्या बाजूचे आहेत हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.

आता त्या लाल ओळीकडे येते. कम्युनिटी कॉलेजातला नीतिशास्त्राचा अभ्यासक्रम मी निवडला तो स्वस्त होता म्हणून. तेथील शुल्क आमच्या शुल्काच्या तुलनेत किरकोळ होते आणि माझ्या ॲडव्हायझरने (अभ्यासक्रम निवडताना सल्ला देणाऱ्या शिक्षकाने) आधी लेखी संमती दिली होती. सिलॅबसमध्ये ॲरिस्टॉटल, कांट आणि मिल होते, म्हणजे आमच्याकडच्या अभ्यासक्रमात आहेत तेच तिघे. रजिस्ट्रारच्या कार्यालयाचे पहिले उत्तर एका ओळीचे होते : कोअरची पूर्तता होत नाही. मी सिलॅबस पाठवला, निबंध पाठवले, ॲडव्हायझरचा ईमेल जोडला. तेव्हा कारण आले की, कोअरमधील तत्त्वज्ञान आणि ईश्वरशास्त्र हे अभ्यासक्रम केवळ माहितीसाठी नसून विद्यापीठाच्या ध्येयाचा गाभा आहेत, आणि ते लहान वर्गात, इथल्या शिक्षकांसोबत, एकत्र बसून चर्चेतूनच पूर्ण व्हायला हवेत. हे वाचून माझा राग बराच ओसरला. त्या टेबलावर मी स्वतः बसलेली होते, त्यामुळे हा युक्तिवाद मला नाकारता येईना. कम्युनिटी कॉलेजातले शिक्षक उत्तम होते, तरी वर्ग मोठा होता आणि मी कधीही कोणाच्या समोर माझे म्हणणे दुरुस्त करून घेतले नव्हते. हे प्रकरण मी इथेच सोडून देणार होते.

नेमके त्याच आठवड्यात पुढील उन्हाळ्याच्या अभ्यासक्रमांची यादी आली. तिच्यात ईश्वरशास्त्राचा दुसरा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत, पूर्णपणे ऑनलाइन, ठरावीक वेळ नसलेल्या स्वरूपात देऊ केला होता; जागा साठाहून अधिक, आणि कोअरची पूर्तता ‘होय’. माझ्या डॉर्ममधल्या एका मैत्रिणीने तो आदल्या वर्षी केला होता. तिने मला तो उघडून दाखवला : आठवड्याला काही रेकॉर्ड केलेली व्याख्याने, एक प्रश्नमंजूषा, चर्चाफलकावर एक टिपण आणि इतर दोघांच्या टिपणांवर प्रत्येकी एक सक्तीचा प्रतिसाद. बहुतेक प्रतिसाद सहमतीचे होते. वर्षभर जीव तोडून शिकणाऱ्या हुशार मुलांनी लिहिलेले होते, तरीही एकाच साच्याचे, कारण समोरच्याने उलट विचारण्याची तिथे सोयच नव्हती. मैत्रिणीला ‘ए’ मिळाला आणि अभ्यासक्रमातून काय आठवते असे विचारल्यावर तिला फारसे सांगता आले नाही. ती कॅथलिक आहे, रविवारी मिस्साला जाते, आणि आपल्याला यापेक्षा काहीतरी जास्त मिळायला हवे होते असे तिनेच म्हटले.

माझा आक्षेप या ठिकाणी आहे आणि तो मी कार्यालयालाही लिहून कळवला. टेबलाभोवती बसणे हाच कोअरचा प्राण असेल, तर माझी तीन क्रेडिट नाकारणे योग्यच होते, पण मग हा ऑनलाइन अभ्यासक्रम कोअर म्हणून विकता येत नाही. आणि ऑनलाइन अभ्यासक्रमाने पूर्तता होत असेल, तर कम्युनिटी कॉलेजातल्या, निदान समोरासमोर शिकवलेल्या वर्गाला नकार देण्याचे कारण फक्त शुल्क कोणाकडे जाते एवढेच उरते. यावर मला थेट उत्तर मिळालेले नाही.

तत्त्वज्ञान विभागाच्या प्रमुखांनी मात्र वेळ दिला. त्यांनी काही लपवले नाही : निवृत्त झालेल्या शिक्षकांच्या जागा भरलेल्या नाहीत, लहान वर्ग महाग पडतात, आणि उन्हाळी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पैशांवर विभाग तग धरून आहे. या अडचणी खऱ्या आहेत. मिलवॉकीतील कार्डिनल स्ट्रिच आणि ओकलंडमधील होली नेम्स ही विद्यापीठे 2023 साली बंद झाली, फिलाडेल्फियाजवळचे कॅब्रिनी 2024 साली, सेंट लुइसमधील फाँटबाँ 2025 साली. व्हर्जिनियातील मेरीमाउंट विद्यापीठाच्या विश्वस्तांनी 2023 मध्ये अनेक मेजर बंद करण्याचा ठराव केला, त्यांत ईश्वरशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे दोन्ही होते. हे ऐकल्यावर कार्यालयावरचा माझा रोष कमी झाला, काळजी मात्र वाढली. संगणकशास्त्र, परिचारिका प्रशिक्षण, व्यवसाय व्यवस्थापन हे सगळे शेजारच्या सरकारी विद्यापीठात निम्म्याहून कमी खर्चात मिळते. माझ्यासारख्या कॅथलिक नसलेल्या, पै-पै मोजणाऱ्या विद्यार्थिनीने जास्त पैसे देऊन इथे यावे असे एकच कारण आहे, टेबलाभोवतीचा तो कोअर, आणि काटकसरीची कात्री नेमकी त्याच्यावर चालते आहे.

नकार कायम आहे. पुढच्या सेमिस्टरमध्ये मी तत्त्वज्ञानाचा दुसरा अभ्यासक्रम इथेच, वर्गातला, घेते आहे आणि त्याचे 2,500 डॉलर आनंदाने भरणार आहे. ऐच्छिक सदरातल्या तीन क्रेडिटमुळे शेवटच्या सेमिस्टरचा भार थोडा हलका होईल, तेव्हा तो उन्हाळाही अगदीच वाया गेला असे नाही. ईश्वरशास्त्राचा दुसरा अभ्यासक्रम मी ‘नोस्त्रा एताते’ या इतर धर्मांविषयीच्या चर्चच्या 1965 च्या जाहीरनाम्यावर आणि इतर धर्मांशी संवादावर आधारलेला निवडला आहे, कारण कॅथलिक चर्च हिंदू धर्माबद्दल अधिकृतपणे काय म्हणते हे त्या टेबलावर एका हिंदू विद्यार्थिनीच्या उपस्थितीत वाचले जावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रवेशाचा विचार करणाऱ्यांनी कॅम्पस टूरमध्ये चॅपल आणि ग्रंथालय जरूर पाहावे, पण त्या दिवशी कोअरच्या एखाद्या वर्गात बसू द्यावे अशी विनंती करावी. प्रवेश कार्यालय बहुधा नाही म्हणत नाही. शिष्यवृत्तीचे पत्र हाती आल्यावर, पण होकार कळवण्याआधी, तीन गोष्टी ईमेलने विचाराव्यात : कोअरच्या एका वर्गात जास्तीत जास्त किती विद्यार्थी असतात, तो वर्ग कायमस्वरूपी शिक्षक घेतात की तासिकेवर नेमलेले, आणि बाहेरून आणलेली क्रेडिट कोअरमध्ये धरली जातात का. उत्तर तोंडी मिळाले तर ते पुन्हा लेखी मागावे.