कार्बन ब्लॉक फिल्टर, फोंडा: आठ महिने वापरून

आमची विहीर जांभ्यातली. नळाला ओपाच्या सरकारी प्रकल्पाचं पाणी येतं पण उन्हाळ्यात ते कमी पडलं की विहिरीचंच पितो. दोन वर्षांमागे शेजारच्या भाटात, म्हणजे बागायतीत, बिल्डिंग झाली, तिचं सोकपिट, म्हणजे सांडपाणी जिरवायचा खड्डा, आमच्या कुंपणापासून फार लांब नाही, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच, एवढी माणसं गोळ्या खातात त्या शेवटी जातात कुठे? आमच्याच घरात बाबा शुगरसाठी मेटफॉर्मिन घेतात, ती शरीरात मोडतच नाही, जशीच्या तशी लघवीतून बाहेर पडते. आणि पाणी उकळून जंतू मरतात, औषधं जात नाहीत. कुणाला हे खूळ वाटेल, पण हैदराबादजवळ पाटनचेरूला औषध कंपन्यांच्या सांडपाण्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलेलं, 2007 ला छापून आलंय, आणि स्वित्झर्लंडनं 2016 पासून मोठ्या सांडपाणी प्लांटना औषधांचे अंश काढायची सक्तीच केली, तिथे ओझोन वापरतात नाहीतर कार्बन, म्हणजे या फिल्टरमधला कोळसाच.

पहिल्या दुकानात माझा एक तास फुकट गेला. मी औषधांचं विचारतेय आणि तो माणूस टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतोय. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार हो, औषधाचा कण त्यात दिसणारच नाही, आणि कार्बननं टीडीएस कमीही होत नाही. सर्टिफिकेट मागितलं तर एनएसएफ (फिल्टर तपासणारी अमेरिकन संस्था) 42 चं निघालं, ते क्लोरीन, वास आणि चवीचं. आपल्याला हवं 401, त्यात इबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, कार्बामाझेपिन, अ‍ॅटेनोलॉल अशी नावं घेऊन टेस्ट असते. ते म्हापशाला मिळालं. 10 इंची दोन हाउसिंग, म्हणजे फिल्टर बसवायची नळकांडी, पुढे गाळ अडवणारा स्पन फिल्टर, मागे नारळाच्या करवंटीच्या कोळशाचा ब्लॉक, फिटिंग धरून साडेतीन हजार. दुकानदार शांतपणे सगळं सांगतो, घाई नाही.

हा कोळसा चुलीतला नव्हे. तो वाफेवर आठ-नऊशे डिग्रीला तापवून आतून पोखरलेला असतो, एका ग्रॅममध्ये साधारण हजार स्क्वेअर मीटर जागा, आणि हजार स्क्वेअर मीटरचा प्लॉट केवढा ते गोव्यात कुणाला सांगायला नको. त्या जागेला औषधाचे रेणू चिकटून बसतात.

मला हे पटलं ते मुलाच्या फिश टँकमुळे. माशांना फंगस झाली की मिथिलीन ब्लू घालतात, तेही औषधच, आणि नंतर कार्बनची पिशवी सोडली की निळं पाणी स्वच्छ होतं. म्हणून ब्लॉक बदलताना मी जुना हॅक्सॉनं कापला, दुकानदारानं त्याच्याकडचा एक फुटका नवा ब्लॉक तसाच दिला, दोन्हींचा एकेक चमचा चुरा दोन बाटल्यांत, एकेक थेंब निळं औषध, हलवून रात्रभर ठेवलं. सकाळी नव्याचं पाणी काचेसारखं, जुन्याचं अजून फिकं निळं. आणि जुन्या फिल्टरच्या पाण्याला चव, वास, रंग काही वेगळं नव्हतं हं! भरलेला कार्बन जिभेला कळत नाही.

डब्यावर सहा महिने लिहिलंय पण पावसात विहिरीला तांबूस गाळ आणि पाल्याचा अर्क उतरतो, तोही त्याच जागा अडवतो. आमचा स्पन जुलैत तीन आठवड्यांत विटेसारखा लाल झाला. म्हणून पावसाळा असेल तर चार महिनेच धरा. नळ बारीक सोडा, पाणी भसाभस गेलं तर कोळशाला धरायला वेळच मिळत नाही. पहिल्या दोन बादल्या काळ्या येतात, झाडांना घाला. फिल्टरनंतरही आम्ही पाणी उकळतोच, कारण कार्बन जंतू मारत नाही, उलट गावाला जाऊन आलो की आत वाढलेले असू शकतात.

एक गोष्ट खटकली, म्हणजे दुकानाची नव्हे, कोळशाचीच. डायक्लोफेनॅकसारखी औषधं तो छान धरतो पण मेटफॉर्मिन पाण्यात इतकी सहज विरघळते की ती बरीचशी निसटते. ज्या गोळीवरून मला हे सगळं सुचलं तीच! तिच्यासाठी आरओ लागेल, आणि त्यात पाणी वाया जातं ते विहीरवाल्याला बघवत नाही.

हाउसिंगवर मार्करनं तारीख लिहून ठेवलीय. हा ब्लॉक चवथीच्या आठवड्यात घातलाय, आता पाऊस गेला, त्यामुळे शिमग्यापर्यंत चालवीन. चार स्टार.