नवगावचं बेने इस्रायली कब्रस्तान: ४/५

अलिबागला येणारी मंडळी कुलाबा किल्ला बघतात, सुरमई हाणतात आणि मांडव्याची बोट पकडतात. किहीमच्या अलीकडचं नवगाव सहसा राहूनच जातं. बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, जुनं कब्रस्तान इथं आहे.

परंपरा सांगते, सुमारे २००० वर्षांपूर्वी इथल्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेतं इथंच पुरली. त्यांच्या आठवणीचा उंच स्तंभ आहे. बाकी तारखांचा काथ्याकूट इतिहासकारांनी करावा. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा दिवस म्हणून त्या दिवशी बैल जुंपले नाहीत, त्यामुळे गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. आडनावं पेणकर, किहीमकर. म्हणजे आपलीच माणसं की! १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेली, तरी मराठी सुटली नाही.

मी एका थडग्यापाशी बराच वेळ रेंगाळले. वर सहा टोकांची चांदणी, खाली शेवाळ धरलेली अक्षरं. बोट फिरवत फिरवत एकेक वाचलं.

एक गुण कापला तो पाट्यांसाठी. रिक्षावाल्याला 'कब्रस्तान' म्हटल्यावर त्यानं भलतीकडेच नेलं. 'इस्रायली लोकांचं' असं स्पष्ट सांगा. पाणी सोबत घ्या, दुपारी जाऊ नका. आणि कृपा करून थडग्यांवर बसून फोटो काढू नका, आमच्यासमोर एक जोडपं तेच करत होतं.

वेळ उरला तर अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉगही (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बघा, १८४८चं आहे.