पोर्तुगीजमध्ये जेवण मागवताना: लिस्बन आणि साओ पाउलो

बिल मागायला दोन्हीकडे ‘आ कोंता, पोर फावोर’ चालतं. मेनूकार्ड मात्र पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये ‘इमेंता’, ब्राझीलच्या साओ पाउलोत ‘कार्दापियो’. नळाची बिअर लिस्बनला ‘इंपेरियाल’, साओ पाउलोत ‘शोपी’.

खरा फरक खिशाला कळतो. लिस्बनला न मागता पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येतं. हे ‘कुव्हेर’, फुकट नव्हे! हात लावला नाही तर पैसे पडत नाहीत. ब्राझीलमध्ये बिलात बहुधा १० टक्के सेवाशुल्क असतं, पण ऐच्छिक.

शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘सें कार्नी’ (मांसाशिवाय) म्हणू नये, मासा पानात येऊ शकतो; ‘सें पेशी’ही जोडावं. त्यांच्यासाठी मला ब्राझीलच सोयीचं वाटतं: ‘पोर किलो’ खानावळीत आपणच वाढून घ्यायचं, ताटाच्या वजनावर पैसे. फक्त घेवड्याच्या उसळीत डुकराचं मांस नाही ना, हे विचारून घ्या.